चार सूत खाली

१

आमच्या दुकानात बोलून उपयोग नसतो. दहा बाय बाराची खोली, त्यात माझं जुनं शिलाई मशीन, आणि ते सुरू झालं की समोरच्याचे नुसते ओठ हलताना दिसतात. बायको माझ्यासमोरच्या टेबलाशी बसून काजं, बटणं, हुक आणि सगळी हातशिलाई करते. मशीनवर ओरडून ओरडून घसा बसायला लागला तेव्हा तिनेच एक युक्ती काढली. सुई टोचू नये म्हणून बोटावर घालतात ते पितळी अंगुस्तान ती टेबलाच्या लाकडावर आपटायला लागली. एकदा वाजलं की गिऱ्हाईक आलं. दोनदा वाजलं की मशीन थांबवा.

कारण काहीही असेल. मुलगी पाळण्यात उठली असेल, सुई नखात गेली असेल, किंवा माझ्याशी भांडायची लहर आली असेल. दोनदा वाजलं की मी आधी पायडलवरचा पाय उचलायचा, आणि कारण मग विचारायचं. नवऱ्याने मोडायचे असतात ते बहुतेक सगळे नियम मी बत्तीस वर्षांत मोडले, हा एक सोडून.

दुसरी एक गोष्ट मी तिला कधी सांगितली नाही. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे. आमच्या धंद्यात त्याला चार सूत म्हणतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं. नव्या नवरीला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून तिच्यासाठी शिवलेल्या प्रत्येक कपड्यात मी डाव्या खांद्याच्या अस्तराखाली कापडाची पातळ गादी घालत आलो, आणि ते अस्तर स्वतःच बंद करत आलो. तिला वाटायचं नवरा लाड करतो. अंगात घातलं की दोन्ही खांदे एका रेषेत. आरशात बघून म्हणायची, "मास्तर, बाकी काही असो, तुमच्या हाताला फिटिंग आहे." मी दोऱ्याचं रीळ शोधायला लागायचो.

दुसऱ्याच्या हातचं शिवलेलं तिने बत्तीस वर्षांत अंगाला लावलं नाही. त्यामुळे तिचा खांदा खाली आहे हे जगात फक्त मला माहीत होतं.

यंदा लेकीने आमच्या नावाने जहाजाची सहल काढली. सात दिवस समुद्रात, आणि जहाज जिथून सुटतं त्या समुद्रकाठच्या शहरात आधी दोन दिवस मुक्काम. "आई, बाबा, नुसतं बसून राहा. कोणाचं काहीही शिवायचं नाही," असं तिने बजावून सांगितलं.

"नुसतं बसून काय करायचं असतं?" बायकोने मला विचारलं. मला तरी कुठे माहीत होतं.

२

हॉटेल समुद्रासमोर होतं आणि खोली चौथ्या मजल्यावर. खोली इतकी स्वच्छ होती की खोट काढायला काही मिळेना, म्हणून बायको जरा हिरमुसली. तिने चादरीचा वास घेतला, नळ सोडून पाहिले, उशा थोपटल्या. न्हाणीघराच्या दारामागे टॉवेलच्या कापडाचे दोन पांढरे झगे टांगलेले होते.

"कोणाकोणाच्या अंगावरचे असतील. मी नाही बाई घालणार," ती म्हणाली.

"बाहीची शिवणही तिरकी गेलीय," मी म्हणालो. मग आम्हा दोघांनाही बरं वाटलं.

पलंगाच्या बाजूच्या भिंतीत भिंतीच्याच रंगाचं एक दार होतं. मूठ फिरत होती, पण दार उघडत नव्हतं. सामान घेऊन वर आलेल्या माणसाने सांगितलं की मोठी कुटुंबं येतात, त्यांना दोन खोल्या जोडून लागतात, म्हणून ही सोय आहे. कडी पलीकडून आहे आणि पलीकडची खोली सध्या रिकामी आहे.

ऊन कलल्यावर आम्ही फिरायला निघालो. वाळूला लागून फरसबंद रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, बाजूला लोखंडी कठडा. बायको दिवसभर कुरकुरत होती. गाडीत तिने माझं न ऐकता निळ्या जाकिटाचे हुक लावून संपवले होते. जहाजावर एका संध्याकाळी कप्तानासोबत जेवण असतं, त्यासाठी मी तिला ते शिवलं होतं. आता चालून तिचे तळपाय भाजत होते.

"पाय बुडवून येते," म्हणून तिने चपला आणि पर्स माझ्या हातात दिली. अंगुस्तान अजून तिच्या बोटात होतं. ती ते काढायचंच विसरते, लोक अंगठी विसरतात तसं.

"ते काढून दे की. पाण्यात पडेल."

"तुमचं लक्ष बरं नको तिथे असतं," म्हणत ती पायऱ्या उतरली. माझ्याशी तिचं हे शेवटचं वाक्य असेल, तर तिचं बरोबरच होतं.

कारण तेवढ्यात माझ्यासमोरून करड्या कोटातला एक माणूस गेला. भारी कापड, आणि पाठीचा मधला काप असा वाकडा लोंबत होता की बघवेना. तो कठड्याशी फोनवर बोलत थांबला. मी पायऱ्यांकडे पाठ करून मनातल्या मनात त्याचा कोट उसवायला घेतला. कॉलर सोडवली, पाठ चार सूत वर उचलली, काप सरळ केला. आणि मागे लोखंडावर अंगुस्तान दोनदा वाजलं.

मला ते स्वच्छ ऐकू आलं, नाही कसं म्हणू? पाय तर आपोआप उचलला गेला. पण मी मनाशी म्हटलं, इथं कुठलं आलंय मशीन. मासा दिसला असेल, शिंपला सापडला असेल. एवढी कॉलर बसवतो आणि बघतो.

मी वळलो तेव्हा ती पायऱ्या चढून येत होती आणि हसत होती.

"काय झालं गं?"

"कुठे काय?"

"दोनदा वाजवलंस ना?"

"मी? छे," ती म्हणाली. मी चपला पुढे केल्या तर म्हणाली, "राहू द्या, अनवाणीच बरं वाटतंय." ती माझ्या पुढे चालू लागली. तिच्या फुलाफुलांच्या ड्रेसचा डावा खांदा वर उचलला गेला होता. लाट अंगावर आली असेल, ओलं कापड आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी कापड कोरडं झालं होतं, आणि खांदा तसाच होता.

माझा डोळा म्हातारा झालाय हे मला मान्य आहे. म्हणून ती पाठमोरी केस विंचरत असताना मी टेप काढली. ही टेप प्रवासात माझ्या खिशात असते, तिला त्याचं नवल नाही. जमिनीपासून डावा खांदा मोजला, त्यातून गादी वजा केली, मग उजवा. उजवा खांदा खाली होता, आणि तोही बरोबर चार सूत.

आता डोकं चालवायला पाहिजे होतं. मी चालवलं. इतकी वर्षं कपड्यांची पिशवी तिने डाव्या खांद्यावर वाहिली, काल पहिल्यांदा हात मोकळे मिळाले. नवी गादी, नवी उशी, अंग आखडलं असेल. जमीनही तिरपी असू शकते. म्हणून मी तिला खिडकीपाशी उभी केली आणि पुन्हा मोजलं. तिने अजिबात त्रागा केला नाही. मी सांगेन तशी वळली.

हेही मला खटकलं. माझ्या बायकोला कपड्याच्या मापासाठी उभं करायचं म्हणजे आधी अर्धा तास वाद. ही हसत होती. रात्री चादरीचा वास न घेता सरळ आडवी झाली होती. सकाळी हॉटेलातला पांचट चहा तिने न बोलता प्यायला.

"अंगुस्तान कुठंय तुझं?" मी विचारलं.

"पडलं असेल पाण्यात. जाऊ द्या ना."

एकदा जमिनीवर हुक पडला होता, तर ह्याच बाईने लोहचुंबक घेऊन सगळं दुकान पालथं घातलं होतं.

मी तिची परीक्षा घेतली, हे कबूल करतो. आपलं पहिलं गिऱ्हाईक कोण? कंडक्टर, पँट अल्टर करायला आला होता. मुलीला पहिला फ्रॉक कशातून शिवला? पडद्याच्या उरलेल्या कापडातून, आणि तिला त्याने पुरळ आलं. दोनदा वाजवलं म्हणजे काय?

"मशीन थांबवा," ती म्हणाली आणि माझ्या गालाला हात लावला. "मास्तर, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

लेकीचा व्हिडिओ कॉल आला. आईला बघून ती आनंदून गेली. "आई, काय दिसतेयस गं. दहा वर्षांनी लहान." मी फोन घेऊन बाल्कनीत गेलो आणि हळूच विचारलं, आई तुला नेहमीसारखी वाटते ना?

"बाबा, आई हसली की तुम्हाला चैन पडत नाही का?"

मी फोन बंद केला, कारण ती खोलीतून येऊन माझ्यामागे उभी राहिली होती. काल संध्याकाळपासून ती मला एकटं सोडत नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आणि माझी बायको, घरात असो की दुकानात, तासाभरात म्हणायची, "जरा बाहेर जाऊन या, डोकं खाऊ नका."

४

अकरा वाजता ती अंघोळीला गेली. दाराआड शॉवरचं पाणी सुरू झालं आणि मी पलंगावर बसलो.

टक, टक.

मी "आलो गं" म्हणून उठलोसुद्धा. "काय हो?" असं न्हाणीघरातून उत्तर आलं. आवाज तिकडून आला नव्हता. तो पलंगाच्या बाजूच्या दारातून आला होता.

जुनं हॉटेल, पाण्याचे नळ भिंतीतून गेलेले, गरम पाणी सुरू झालं की नळ वाजतात. हे मला माहीत आहे. तरी मी खिशातली चावी काढून त्या दारावर दोनदा वाजवली. बराच वेळ काही नाही. मग अगदी खाली, जमिनीलगत, कोणीतरी दारापाशी बसून वाजवावं तसं, एक आणि मग दुसरं. मूठ मी दोन्ही हातांनी ओढली, पण पलीकडची कडी हलली नाही.

मी तसाच खाली धावलो. स्वागतकक्षात चष्मेवाली मुलगी बसली होती.

"शेजारच्या खोलीत कोण आहे?"

"कोणीच नाही, सर." मग काहीतरी आठवल्यासारखं करून ती हसली. "सकाळी तुमच्या मिसेस पण तिथलीच चावी मागत होत्या. मी त्यांना सांगितलं, तुमची खोली ही शेजारची. त्यांची गल्लत झाली असेल. कपडे ओले होते, पायातही काही नव्हतं, समुद्रावरून आल्या असतील."

"किती वाजता?"

"साडेसात असतील."

साडेसातला आम्ही दोघं खिडकीपाशी उभे होतो. मी टेप धरली होती.

माझा चेहरा बघून तिने खोल्या साफ करणाऱ्या मावशींना चावी घेऊन माझ्याबरोबर पाठवलं. मावशी बोलक्या होत्या. वर जाईपर्यंत त्यांनी मला दोन गुडघ्यांच्या ऑपरेशनची हकीकत सांगितली. खोली उघडली, तर ती आमच्याच खोलीची जुळी बहीण, फक्त उलट्या हाताची. पलंगावरची चादर ताणून बसवलेली. कोणी नव्हतं. पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाट उघडलं. मधल्या दारापाशी गालिच्यावर थोडी ओली वाळू होती.

"हे बघा, झगा नेला कोणीतरी," मावशी न्हाणीघरातून म्हणाल्या. "दोन असतात, एकच आहे. लोक हॉटेलातला साबणसुद्धा सोडत नाहीत."

मी मधल्या दाराची कडी काढायला हात घातला. मावशी म्हणाल्या, ती खालून परवानगी असल्याशिवाय उघडत नाहीत. तेवढ्यात दारापलीकडून, म्हणजे आमच्या खोलीतून, आवाज आला.

"मास्तर, तिकडे काय करताय?"

आवाज तिचाच होता. त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

५

दुपारी तिने जाकीट घालून पाहिलं. डावा खांदा वर आला होता. येणारच, गादी डावीकडे आणि खाली उजवा.

ती आरशासमोर दोन्ही बाजूंनी वळली आणि अगदी सहज म्हणाली, "त्यातली गादी काढून इकडे घाला ना."

गादीचं मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. लेकीलाही नाही.

"तुला कसं माहीत?"

"बत्तीस वर्षं," ती म्हणाली.

बस, एवढंच. आणि माझी अक्कल तिथेच गहाण पडली. मला वाटलं, हो की, हातात सुई धरणारी बाई, बोटांना लागल्याशिवाय राहील का? म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. आणि मला वाईट वाटू नये म्हणून ती आरशात बघून फिटिंगचं कौतुक करत राहिली. मी तिला सांभाळतोय असं मला वाटत होतं आणि ती मला सांभाळत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खांदा कुठला, समुद्र कुठला, सगळं मी क्षणभर विसरलो.

मी अस्तर उसवलं, डावीकडची गादी काढली आणि उजवीकडे बसवली. अस्तर नेहमीसारखं स्वतः बंद केलं. जाकीट तिच्या अंगावर असं बसलं की जन्मात माझ्या हातून इतकं चांगलं काम झालं नसेल.

"आता कसं," ती म्हणाली.

दोरा दातांनी तोडताना माझ्या मनात आलं की आता हे जाकीट तिला होणार नाही. कोणाला, ते मी मनातसुद्धा पुरतं म्हटलं नाही.

६

तिसऱ्या दिवशी एक वाजेपर्यंत जहाजावर चढायचं होतं. जहाज चारला सुटणार. मी पहाटेपासून हाच हिशोब करत होतो की माझ्याजवळ किती वेळ आहे, आणि त्या वेळात नेमकं काय करायचं आहे. पोलिसांकडे जाऊन काय सांगू? बायको हरवली आहे. कुठे हरवली? ही काय, इथे बाहेर बाकावर बसली आहे.

पण एवढं मला कळत होतं की जिच्याबरोबर मी जहाजावर चढेन, ती माझी बायको ठरेल. आणि दुसरी कोणी असलीच, तर ती इथे राहील.

आम्ही सामान भरत होतो. ती घड्या घालत होती, मी बॅगेची चेन ओढत होतो. मधल्या दारातून पुन्हा आवाज आला. टक, टक. थोडं थांबून पुन्हा, जरा जोरात. माझे हात थांबले. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्या शर्टाची बाही सरळ केली, घडी घातली, वर हात फिरवला.

"इथं कुठलं आलंय मशीन," ती हळूच म्हणाली.

हे शब्द माझे होते. पायऱ्यांशी मी ते मनात म्हटले होते, तोंडाने नाही. मला दाराकडे जायचं होतं, आणि मी बॅगेची चेन ओढत राहिलो. माणूस असा का वागतो ते मला विचारू नका.

खाली किल्ली देताना मावशींनी मला हाक मारली आणि माझ्या तळहातावर अंगुस्तान ठेवलं. "शेजारच्या खोलीत सापडलं. आत्ताच झाडून काढलं, त्या मधल्या दाराच्या फटीत होतं. तुमचंच ना?"

काठावर पोचा होता. लेकीने चार वर्षांची असताना ते दगडाने ठेचलं होतं, तो पोचा. पितळ अजून कोमट होतं. मावशींच्या मुठीत होतं म्हणून असेल.

"मी जरा वर जाऊन येतो," मी म्हणालो. "चष्मा राहिला."

"चष्मा डोळ्यावर आहे, मास्तर," ती म्हणाली. चष्मेवाली मुलगी हसली, मावशी हसल्या. टॅक्सीवाला बॅगा डिकीत टाकून हॉर्न वाजवत होता.

मला एवढंच सुचलं. हातातल्या पिशवीतून मी बायकोने पायऱ्यांशी माझ्याकडे दिलेल्या चपला काढल्या आणि स्वागतकक्षाच्या टेबलावर ठेवल्या. "कोणी बाई अनवाणी आल्या, तर ह्या द्या."

"कोण बाई, सर?"

मी चपला नीट जोडून ठेवल्या. मागून येऊन तिने माझा दंड धरला आणि आम्ही टॅक्सीत बसलो.

बंदरावर लांबलचक रांग होती. आमची पाळी आली तेव्हा टेबलामागच्या बाईंनी पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, समोर पाहिलं. फोटोत माझ्या हातचा ड्रेस होता, दोन्ही खांदे एका रेषेत. फोटोची काही चूक नव्हती. मग त्यांनी मला विचारलं, "ह्या तुमच्या मिसेस ना?"

मुठीत अंगुस्तान होतं. मागे पन्नास माणसं घामाघूम होऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, धाक नव्हता. ती नुसती वाट बघत होती. नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण नाही म्हटलं, तर पुढचा प्रश्न येणार होता. मग त्या कुठे आहेत? त्याला मी काय सांगणार होतो? चार सूत?

"हो," मी म्हणालो. बाईंनी शिक्का मारला.

७

चार वाजता सगळे प्रवासी वरच्या डेकवर जमले. मी कठड्याशी जागा धरली. समोर ते शहर एका नजरेत मावत होतं. वाळू, फरसबंद रस्ता, दगडी पायऱ्या, आणि त्यांच्यामागे आमचं हॉटेल. जहाज इतकं उंच होतं की मला चौथा मजला सरळ समोर दिसत होता. आमची बाल्कनी मी ओळखली. तिच्या शेजारच्या बाल्कनीचं दार उघडं होतं.

तिथे एक बाई येऊन उभी राहिली. पांढरा झगा घातला होता, टॉवेलच्या कापडाचा.

तोंड दिसण्याइतकं अंतर कमी नव्हतं. माझी नजरही तितकी राहिलेली नाही. पण खांदे मला मैलावरून दिसतात, तोच माझा धंदा आहे. डावा खांदा खाली होता. त्या झग्याला गादी नव्हती, तो मी शिवलेला नव्हता. ज्या झग्याला ती बोट लावणार नव्हती, तो तिने अंगावर घेतला होता, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिचा खांदा उघड्यावर दिसत होता. कोणालाही दिसला असता. बघणारा मी एकटाच होतो.

मी गर्दीतून वाट काढत मागे गेलो. पांढऱ्या गणवेशातला खलाशी दोर गुंडाळत होता. "मला उतरायचंय," मी म्हणालो.

"शिडी काढली, साहेब. आता परवा पहिलं बंदर." त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "काही राहिलं का मागे?"

"बायको."

त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि त्याला हसू आलं. "ह्या काय तुमच्यामागेच आहेत की."

तिने निळं जाकीट घातलं होतं. खांदे सरळ रेषेत होते. तिने माझ्या कोपराला हात घातला आणि मला पुन्हा कठड्याशी आणून उभं केलं. मी गेलो, कारण बाल्कनी तिथूनच दिसत होती.

त्या बाईने हात वर उचलला. मला वाटलं, निरोपाचा हात हलवणार. तिने तो खाली कठड्यावर आपटला, मग पुन्हा एकदा. जरा थांबली. पुन्हा दोनदा. तिच्या बोटात आता काही नव्हतं, ते माझ्या मुठीत होतं. नुसत्या हाताने वाजवत होती, आणि एवढ्या लांबून मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी नुसतं मोजत होतो.

बत्तीस वर्षांत अंगुस्तान मी स्वतः कधी बोटात घातलं नव्हतं. ते माझ्या करंगळीतच जेमतेम बसलं. मी ते जहाजाच्या लोखंडी कठड्यावर दोनदा आपटलं. मग पुन्हा दोनदा. शेजारच्या दोन-चार लोकांनी वळून पाहिलं.

"पुरे आता," ती माझ्या कानाशी म्हणाली, अगदी मायेने.

दोनदा वाजलं की मशीन थांबवायचं. बाल्कनीतून ती वाजवत होती, इथून मी वाजवत होतो. पायाखाली डेक थरथरू लागला. खाली कुठेतरी खोल मशीन सुरू झालं होतं, आणि माझा उचललेला पाय तसाच हवेत होता.